‘द साइडवाइंडर’ : चोवीस बारांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ट्रम्पेटवादक ली मॉर्गन याच्या ‘द साइडवाइंडर’ या अल्बमवर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात हार्ड बॉप या जॅझशैलीला अर्धे पान मिळाले, हे उत्तमच झाले. मात्र त्यातली बहुतेक जागा मॉर्गनचे हेरॉइनचे व्यसन, हिमवादळाची रात्र आणि त्याला संपवणारे पिस्तूल यांनी खाल्ली. अल्बममध्ये नेमके काय वाजते यासाठी दोन ओळी उरल्या, आणि त्यातही शीर्षकरचनेला ‘साधा बारा बारांचा ब्लूज’ म्हणून मोकळे केले आहे. ब्लूज म्हणजे ठरावीक चौकटीतले आफ्रिकी-अमेरिकी गीत, आणि बार म्हणजे त्यातला चार मात्रांचा एक गट. ती रचना बारा बारांची नाही, आणि साधी तर नाहीच. मॉर्गनचे आयुष्य सनसनाटी होते हे खरे. पण ही तबकडी साठ वर्षे टिकली ती त्यामुळे नव्हे. हिशेबाने केलेल्या कामामुळे ती टिकली, म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

आधी नोंदी, कारण लेखात त्या आल्याच नाहीत. ध्वनिमुद्रण २१ डिसेंबर १९६३ रोजी एकाच दिवसात, न्यू जर्सीतील इंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाले. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, टेनर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, पियानोवर बॅरी हॅरिस, डबल बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स. निर्माता आल्फ्रेड लायन, कंपनी ब्लू नोट. मोनो क्रमांक बीएलपी ४१५७, स्टिरिओ क्रमांक बीएसटी ८४१५७. तबकडी १९६४च्या उन्हाळ्यात बाजारात आली. पाच रचना, पाचही मॉर्गनच्या स्वतःच्या, एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या थोडी वर.

लेखात मॉर्गनची तुलना आपल्या चिक चॉकलेटशी केली आहे. गोव्यातल्या हळदोण्याचा हा ट्रम्पेटवादक, मूळ नाव अँतोनियो शावियेर वाझ. त्याने मुंबई गाजवली आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तल्या ट्रम्पेटमुळे तो मराठी कानांपर्यंत पोहोचला. त्याच्याविषयी आदर आहेच. पण त्याचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग, आणि त्याचे संगीत स्विंगच्या काळातले, नाचणाऱ्यांसाठी वाजवलेले. हार्ड बॉप ही दोन पिढ्या पुढची गोष्ट. १९५०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट या शहरांतल्या कृष्णवर्णीय वादकांनी बेबॉप या आधीच्या जॅझशैलीच्या वेगवान, गुंतागुंतीच्या भाषेत चर्चमधली भजने आणि ब्लूज पुन्हा मिसळला. वाद्यवृंद छोटा असतो, बहुधा पाच जणांचा. पुढे ट्रम्पेट आणि टेनर, मागे पियानो, बास, ड्रम्स. ड्रमर आर्ट ब्लेकी आणि पियानोवादक होरेस सिल्व्हर हे या शैलीचे आधारस्तंभ. ट्रम्पेटपुरते बोलायचे तर तिचा उगम क्लिफर्ड ब्राउन. तो जून १९५६मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. फिलाडेल्फियाच्या मॉर्गनने त्याच्याकडे धडे घेतले होते. त्याच वर्षी अठरा वर्षांचा मॉर्गन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि नोव्हेंबरात स्वतःच्या नावाची पहिली मुद्रिका करून बसला. पुढच्या वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ ही मुद्रिका, १९५८पासून ब्लेकीचा ‘जॅझ मेसेंजर्स’ हा वाद्यवृंद. म्हणजे ‘साइडवाइंडर’च्या वेळी तो पंचविशीचा असला तरी पंगतीत नवखा नव्हता.

आता त्या ‘साध्या’ ब्लूजकडे. नेहमीचा ब्लूज बारा बारांचा असतो. चार मात्रांचा एक बार धरा. पहिले चार बार मूळ स्वरावर, दोन बार मध्यमावर, दोन परत मुळावर, आणि शेवटच्या चारांत पंचमाकडून घरी परत. मॉर्गनने ही चौकट दुपटीने ताणली: आठ, चार, चार आणि आठ, एकूण चोवीस. ऐकताना मोजायचे असेल तर बास आणि पियानोची सुरुवातीची आकृती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, सोडून द्या. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून मुखडा धरतात तिथून ‘एक’ म्हणा आणि प्रत्येक बारला एक बोट मुडपा. रचना ई-फ्लॅटमध्ये आहे. ई-फ्लॅटला सा माना. पहिल्या आठ बारांत साथीचे स्वर सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी. नवव्या बारला बास मध्यमावर जातो, साथीचे स्वर म, ध, सा आणि कोमल ग होतात. एकाच आवर्तनात आधी शुद्ध गंधार आणि मग कोमल गंधार. ब्लूजची सगळी तडफड या एका जागी साठलेली असते, आणि मॉर्गनने तिथे पोहोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लावला आहे. आठ बार एकाच जागी थांबवल्यामुळे नवव्या बारचा बदल मोठा भासतो.

मोजणी चुकते ती जवळजवळ नेहमी तेराव्या बारला. मध्यमावरून बास पुन्हा सा वर आला की कान म्हणतो, आवर्तन नव्याने सुरू झाले. झालेले नसते, अजून बारा बार बाकी असतात. आपल्याकडच्या श्रोत्याला ठेक्याची सवय असते, समेवर तबला हमखास ग्वाही देतो. इथे ड्रम्स ती जबाबदारी घेत नाहीत. आवर्तन कुठवर आले ते बासच्या स्वरांवरूनच ओळखावे लागते. म्हणून पहिल्या दोन वेळा ट्रम्पेट ऐकूच नका, फक्त क्रॅनशॉचा पाठलाग करा. एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त चालते. सव्वादहा मिनिटांच्या वर चालणाऱ्या या रचनेत ते पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे चुकले तरी पुढच्या फेरीत गाठता येते.

दुसरी बाब लयीची. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग असमान पडतात, ढोबळमानाने पहिला दोन वाटे, दुसरा एक. रॉक संगीतात ते समसमान असतात. हिगिन्स या दोहोंच्या मधल्या जागेत वाजवतो. त्याचे समभाग पुरते समभाग नसतात, त्यांना किंचित झोल असतो. तोही सगळीकडे सारखा नाही. पडताळायचे असेल तर मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये वेग निम्मा करून राइड सिंबल, म्हणजे ड्रमर सतत लय धरतो ती मोठी झांज, ऐका. आवाजाची पातळीही लक्षात येईल. हिगिन्स जोरात वाजवतच नाही, तरीही बाकी चौघांना पुढे ढकलतो. योगायोग म्हणावा की नाही कोण जाणे, पण दीड वर्ष आधी, मे १९६२मध्ये, पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘वॉटरमेलन मॅन’च्या पहिल्या मुद्रणातही ड्रम्सवर हिगिन्सच होता. तोही ताणलेला ब्लूज, सोळा बारांचा, आणि त्याचीही नाचरी चाल. ब्लू नोटच्या दोन गाजलेल्या चाली एकाच ड्रमरच्या हाताखालून गेल्या. मॉर्गनवरच्या लेखात हिगिन्सचे नावही नसावे हे खटकले.

बॅरी हॅरिसचेही तेच. डेट्रॉइटचा हा पियानोवादक बेबॉपचा कट्टर पुरस्कर्ता, पुढे आयुष्यभर जगाला बेबॉप शिकवणारा गुरू. अशा माणसाला इथे एकच छोटी आकृती आवर्तनामागून आवर्तने वाजवायची आहे. तो ती वाजवतो, मध्ये मध्ये कुरतडतो, पण सोडत नाही. सोलो त्याच्याकडे येतो तेव्हा मात्र त्याची मूळ बोली ऐकू येते, आणि समभागी लयीवर बेबॉपची वळणे बसवताना होणारी किंचित ओढाताणही. मला तो सोलो म्हणूनच आवडतो. हेंडरसन वेगळ्या वाटेने जातो. तो लांब वाक्ये बोलत नाही, छोटा तुकडा घेऊन त्याला उलटतो, घासतो, सप्तक बदलून पुन्हा म्हणतो. १९६३च्या एप्रिलमध्ये ट्रम्पेटवादक केनी डॉरमच्या मुद्रणात तो पहिल्यांदा ब्लू नोटवर ऐकू आला आणि जूनमध्ये स्वतःचा अल्बम करून गेला. डिसेंबरात तो इतका स्थिरावलेला आहे यावर विश्वास बसत नाही.

लेखातला टॉयलेट पेपरचा किस्सा घेऊ. एक रचना कमी पडत होती, मॉर्गन स्वच्छतागृहात गेला आणि तिथल्या कागदावर ‘साइडवाइंडर’ लिहून आणली, असे सांगितले जाते. घडले असेलही. पण मग त्यातला खरा मुद्दा पाहा. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही दोन्ही बी-फ्लॅट वाद्ये आहेत. म्हणजे वादकाने कागदावरचा ‘सी’ वाजवला की कानाला ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. फरक इतकाच की टेनर एक सप्तक खाली बोलतो. म्हणून एकच कागद दोघांसमोर ठेवला तरी चालते, वेगळी प्रत उतरवावी लागत नाही. ई-फ्लॅटमधली रचना दोघांनाही कागदावर ‘एफ’मध्ये दिसते, आणि एफ हा दोन्ही वाद्यांना बोटांच्या दृष्टीने सोयीचा. पियानो आणि बासला तर चोवीस बारांच्या चार खुणा पुरतात. इतक्या कमी सामग्रीत पाच माणसे उभी राहतील अशी रचना बेतणे, हे सात वर्षे स्टुडिओत घालवलेल्यालाच सुचते. शिवाय ब्लू नोट ही कंपनी मुद्रणाआधीच्या सरावाचेही पैसे देत असे. त्या काळी इतर छोट्या कंपन्या सहसा देत नसत. दोन वाद्ये एका श्वासात मुखडा वाजवतात ती सफाई त्या सवयीतून आलेली आहे.

आता ट्रम्पेट. मॉर्गनच्या वादनात ज्याला लोक ‘नखरा’ म्हणतात तो मुख्यतः अर्ध्या पिस्टनचा आहे. ट्रम्पेटला बोटाने दाबायचे तीन पिस्टन असतात. दुसरा पिस्टन स्वर अर्ध्याने उतरवतो, पहिला एका पूर्ण स्वराने, तिसरा दीड स्वराने. पिस्टन पूर्ण दाबला की हवा जास्तीच्या नळीतून वळते. अर्धा दाबला तर ती धड सरळही जात नाही आणि धड वळतही नाही. नाद घुसमटतो, स्वराचा मध्य ढासळतो, आणि त्या अवस्थेतून पुढच्या स्वराकडे घसरत जाता येते. मॉर्गन हे वाक्याच्या सुरुवातीला करतो, कधी एकच स्वर पुन्हा पुन्हा घेताना एक मोकळा, एक घुसमटलेला असा आलटून पालटून. आपल्या गायकाची मींड आठवेल, पण मींड स्वरांमधली वाट दाखवते. हा प्रकार स्वराचा पोत बदलतो, त्यामुळे परिणाम बोलण्याच्या जवळचा होतो.

शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण ब्रास बँडात वाजणारा नेहमीचा ट्रम्पेटही बी-फ्लॅटच असतो आणि हे तंत्र त्यावर जसेच्या तसे करता येते. कागदावरचा मधला ‘जी’ कोणताही पिस्टन न दाबता वाजवा. चार मात्रा स्थिर धरा. पुढच्या चार मात्रांत दुसरा पिस्टन हळूहळू तळापर्यंत न्या, म्हणजे ‘एफ-शार्प’ लागेल. मधल्या टप्प्यात आवाज तुटेल. तुटला की बहुतेक जण ओठ आवळतात, आणि तीच चूक. ओठ आवळले की स्वर चढा लागतो आणि मोकळ्या जागी परतताना फुटतो. श्वासाचा दाब जराही कमी न करता बोटालाच काम करू द्यायचे. पिस्टन तेल घातलेला आणि स्वच्छ हवा. मधल्या उंचीवर थांबवलेला सुका पिस्टन वर येताना अडकतो आणि दोष वादकाच्या माथी येतो. आणि हे सगळे मिरपुडीच्या हाताने वापरायचे. मॉर्गनच्या सोलोत बहुतेक स्वर स्वच्छ, जिभेने नीट तोडलेले आहेत. क्लिफर्ड ब्राउनची शिकवण तिथे दिसते. म्हणूनच अधूनमधून येणारी घसरण उठून दिसते.

हौशी वाद्यवृंद ही रचना हमखास घेतात आणि हमखास ठरावीक जागी बिघडवतात. पहिली जागा वेगाची. मुखडा सोपा वाटतो म्हणून दोनचार आवर्तनांतच गाडी पळू लागते, आणि वेग वाढला की समभागांतला तो झोल नाहीसा होतो, उरतो नुसता रॉक. दुसरे, ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम ठोकत बसतो. मग सगळा भार खाली येतो आणि बासच्या आकृतीला बोलायला जागा राहत नाही. तिसरे, बासवाला कंटाळून सोलोच्या मागे सलग चार पावले टाकणारा वॉकिंग बास सुरू करतो. त्या क्षणी रचना दुसरीच होते. ‘साइडवाइंडर’ची खुमारी तीच आकृती न सोडण्यात आहे. क्रॅनशॉ तिच्यात बारीक फरक करतो, एखादा स्वर गाळतो, आवर्तनाच्या सांध्यावर एखादी जागा घेतो, एवढेच. त्याला शेवटी बासचा सोलो मिळतो तो या संयमाचा मेहनताना म्हणा.

उरलेल्या चार रचनांकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘टोटेम पोल’ ही पहिल्या बाजूची दुसरी रचना, तीही दहा मिनिटांच्या वर. लॅटिन ढंगाने सुरू होऊन स्विंगमध्ये जाते. माझ्या मते मॉर्गनचा या तबकडीवरचा सर्वांत विचारपूर्वक सोलो इथे आहे, शीर्षकरचनेत नाही. दुसऱ्या बाजूला ‘गॅरीज नोटबुक’, मग तीनच्या झोक्यावर धावणारा ‘बॉय, व्हॉट अ नाइट’, आणि शेवटी ‘होकस पोकस’, जुन्या बेबॉप वळणाचा. हॅरिस तिथे सासरहून माहेरी आल्यासारखा वाजवतो. मोबाइलवर किंवा सीडीवर ऐकणाऱ्यांना सहावी रचना आढळेल. ती ‘टोटेम पोल’चीच दुसरी, त्या वेळी न वापरलेली आवृत्ती. मूळ अल्बम ‘होकस पोकस’लाच संपतो.

मॉर्गनने लोकप्रियतेसाठी सोपे केले, असा सूर लेखात आहे. तारखा पाहिल्या तर तो टिकत नाही. २१ नोव्हेंबर १९६३ला, म्हणजे बरोबर एक महिना आधी, ग्रॅकन मंकर या ट्रॉम्बोनवादकाच्या ‘इव्हॉल्यूशन’ या अत्यंत प्रयोगशील मुद्रणात मॉर्गन आणि क्रॅनशॉ दोघेही होते. पियानो नाही, त्याऐवजी व्हायब्राफोन, आणि ड्रम्सवर किशोरवयीन टोनी विल्यम्स. ‘साइडवाइंडर’नंतर दोन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६४मध्ये, मॉर्गनने ‘सर्च फॉर द न्यू लँड’ मुद्रित केला. वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, ग्रँट ग्रीन यांच्यासह. शीर्षकरचना लांब, संथ, जवळजवळ ध्यानस्थ. हा माणूस दोन्ही हातांनी लिहीत होता. कोणते आधी बाहेर काढायचे ते बाजाराने ठरवले. ‘साइडवाइंडर’ खपू लागल्यावर ‘न्यू लँड’ १९६६पर्यंत कपाटात पडून राहिला, आणि ऑगस्ट १९६४चा ‘टॉम कॅट’ तर १९८०मध्ये, मॉर्गनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाला. लेखकाला शोकांतिकाच हवी होती तर ही होती.

खपाविषयी. अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीतपत्रिकेच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढला. शीर्षकरचना दोन भागांत तोडून पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर काढली होती, ती एकल गीतांच्या यादीत ८१वर पोहोचली. जॅझसाठी हे आकडे चक्रावणारे होते. पहिल्या छपाईत चारेक हजारच प्रती काढल्या होत्या, त्या हातोहात संपल्या. क्रायस्लर कंपनीने बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी टीव्हीवरच्या जाहिरातीत ही चाल परवानगीशिवाय वापरली आणि मॉर्गनने दाव्याची धमकी दिल्यावर ती मागे घेतली. लेखात याला ‘भाग्योदय’ म्हटले आहे. मॉर्गनचे नाव झाले हे खरे, पण छोट्या कंपनीला असे यश पचवणे जड जाते. तबकड्या दाबणाऱ्या कारखान्याला पैसे लगेच द्यावे लागतात, वितरकांकडून वसुली सावकाश होते, आणि पुढचा असाच माल येणार असेल तरच वितरक आधीची थकबाकी मोकळी करतात. मग कंपनीला पुढचा ‘साइडवाइंडर’ हवाच असतो. त्यानंतरच्या ब्लू नोटच्या कितीतरी तबकड्या पहिल्या बाजूच्या सुरुवातीला असाच एक समभागी, नाचरा ब्लूज घेऊन आल्या. मॉर्गनचाच एप्रिल १९६५चा ‘द रम्प्रोलर’ ऐका. वाईट नाही, पण साचा दिसतो. आल्फ्रेड लायनने काही काळातच कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली.

लेखाखालच्या चौकटीत ‘मूळ प्रत मिळाल्यास जरूर घ्या’ असा सल्ला आहे, पण मूळ प्रत ओळखायची कशी ते नाही. हल्ली मुंबई-पुण्यात जुन्या तबकड्यांचे चाहते वाढले आहेत, त्यांनी फसू नये म्हणून लिहितो. कव्हरवर विसंबू नका, तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. लेबलवर कंपनीच्या नावाबरोबर ‘न्यूयॉर्क यूएसए’ हवे. तिथे ‘लिबर्टी रेकॉर्ड्सचा विभाग’ असे छापलेले असेल तर प्रत १९६६ किंवा नंतरची. मग लेबल आणि शेवटच्या खोबणीमधल्या कोऱ्या पट्ट्यात ‘व्हॅन गेल्डर’ हे नाव ठशाने उमटवलेले शोधा. ते सापडले म्हणून हुरळू नका. जुनेच साचे वापरल्यामुळे ते लिबर्टीच्या प्रतींवरही असते. निर्णायक खूण म्हणजे त्याच पट्ट्यातले हाताने कोरल्यासारखे, कानाच्या आकाराचे इंग्रजी ‘पी’ अक्षर. ती न्यू जर्सीच्या प्लास्टिलाइट कारखान्याची खूण. लिबर्टीने काम दुसरीकडे हलवल्यावर ती नाहीशी झाली. तिन्ही खुणा एकत्र असतील तरच मूळ छपाई.

मोनो घ्यावी की स्टिरिओ, यावर संग्राहकांत भांडणे होतात. व्हॅन गेल्डर १९६३मध्ये मोनोसाठी वेगळी टेप लावत नसत. दोन मार्गांची एकच टेप, आणि मोनो तिच्यातूनच एकत्र करून काढलेली. म्हणजे मोनोत वेगळे वादन ऐकायला मिळणार नाही. मोनोत ट्रम्पेट आणि टेनर मधोमध, घट्ट येतात. स्टिरिओत ती फाकतात आणि हिगिन्सचे सिंबल मोकळे ऐकू येते. या लेखनाचा विषय लय आहे, त्यामुळे माझे मत स्टिरिओला. पियानो मात्र दोन्हींत जरा कोंदटच वाटेल. व्हॅन गेल्डरच्या मुद्रणांवरचा हा जुना आक्षेप आहे, तुमच्या यंत्राचा दोष नव्हे.

वाजवताना जागेचाही विचार करा. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आत लेबलाजवळ सुमारे २१. तेवढ्याच ध्वनीला आत निम्म्याहून कमी जागा मिळते. ट्रम्पेटच्या नादात वरचे अंशस्वर भरपूर असतात, ते आतल्या खोबणीत चिरकतात. म्हणून ‘साइडवाइंडर’ खणखणीत वाजते आणि त्याच प्रतीवर ‘होकस पोकस’ खरखरते, असा अनुभव आला तर आधी कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) टोनआर्ममध्ये (त्याच्या दांड्यात) सरळ बसवले आहे का ते तपासा. सुईचा दाब कार्ट्रिज बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत, शक्यतो वरच्या टोकाला ठेवा. कमी दाबाने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. दाब कमी पडला की सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. जुन्या मोनो प्रतीसाठी २५ मायक्रॉनची गोल सुई मिळाल्यास वापरून पाहा. नेहमीची १८ मायक्रॉनची सुई खोबणीत थोडी खोल बसते, तिथला जुना मळ आवाजात येतो.

मूळ प्रतीचा सोस नसेल तर २०२०मध्ये ब्लू नोटने ‘क्लासिक व्हिनाइल’ मालिकेत काढलेली १८० ग्रॅमची प्रत घ्या. ती केव्हिन ग्रे या ध्वनितंत्रज्ञाने मूळ टेपवरून तयार केली आहे. तिच्यात कुरबुर नाही आणि क्रॅनशॉचा बास जुन्या छपाईपेक्षा खोल उतरतो. संग्राहक नाक मुरडतील, मुरडू द्या. २०२४मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ‘द साइडवाइंडर’चा समावेश केला. लेखात तोही उल्लेख राहिला.

मॉर्गनचा शेवट लेखात सविस्तर आहे: १९ फेब्रुवारी १९७२, न्यूयॉर्कचा ‘स्लग्ज’ हा जॅझ क्लब, वय ३३. त्यावर जास्त काही लिहायचे नाही.

आपणास विनंती एवढीच, की पुढे अशा कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर लेख छापताना चार ओळींची एक चौकट अवश्य द्यावी. तीत सर्व वादकांची नावे आणि वाद्ये, मुद्रणाची तारीख आणि जागा, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक असावा. शास्त्रीय मैफलीच्या वृत्तांतात आपण तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची नावे न चुकता देता. हिगिन्स आणि क्रॅनशॉ यांनाही तो नियम लागू करावा.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली